देवमाशाचा घोटा: एका वर्गीकरणाच्या वादाचे प्रकरण

1990च्या दशकात देवमाशाची दोन घराणी सांगितली जात होती. जीवाश्मांवर काम करणारे बहुतेक जण म्हणत की देवमासे मेसोनिकिड या केव्हाच नामशेष झालेल्या मांसाहारी खुरी प्राण्यांच्या घरातले. डीएनएवर काम करणारे म्हणत की ते गाय, हरीण, उंट, डुक्कर यांच्या समखुरी गणातले, आणि त्यातही पाणघोड्याचे सख्खे भाऊबंद. दोन्हीकडची माणसे आपापल्या कामात मुरलेली होती आणि दोन्हीकडे पुरावे होते. पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नव्हते. हा वाद 2001 साली एका घोट्याच्या हाडाने बराचसा मिटवला.

प्राण्याचे कोणते लक्षण वाडवडिलांकडून आले, कोणते नंतर परिस्थितीच्या रेट्याने उपजले आणि नाते ठरवताना यातले कोणते धरायचे, हा जीवशास्त्रातल्या वर्गीकरणाचा मूळ प्रश्न आहे. तो नुसत्या व्याख्या पाठ करून समजत नाही. देवमाशाच्या प्रकरणात मात्र त्याची एकेक पायरी डोळ्यांसमोर उलगडते, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो.

पाण्याने घडवलेले अंग

देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना जन्म देतो आणि दूध पाजतो, हे ॲरिस्टॉटललाही ठाऊक होते. तरी आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1735च्या आपल्या पहिल्या यादीत त्याला माशांतच ठेवले आणि 1758च्या दहाव्या आवृत्तीत सस्तन प्राण्यांत हलवले. विद्वानांचे ठरले, लोकांचे ठरायला वेळ लागला. 1818 साली न्यूयॉर्कमध्ये एक खटला उभा राहिला. माशाच्या तेलाची तपासणी सक्तीची करणारा कायदा नुकताच झाला होता. सॅम्युअल जड या तेलाच्या व्यापाऱ्याने तपासणी न केलेली व्हेलच्या तेलाची तीन पिंपे घेतली, म्हणून निरीक्षक जेम्स मॉरिस यांनी 75 डॉलर दंडाचा दावा लावला. व्हेल हा मासाच नाही, असा जडचा बचाव होता. सॅम्युअल मिचिल या नावाजलेल्या निसर्गशास्त्रज्ञाने त्याच्या बाजूने साक्ष दिली. ज्यूरीने निकाल दिला की व्हेल हा मासाच.

त्या ज्यूरीला हसण्यात अर्थ नाही. निमुळते अंग, केस नाहीत, पुढे पर, मागे शेपटीचा पंखा, मुक्काम समुद्रात: त्यांनी डोळ्यांना दिसणारी लक्षणेच धरली. अडचण अशी की ही सगळी लक्षणे पाण्यात वेगाने पोहण्याच्या गरजेतून येतात. शार्क हा मासा, इक्थिओसॉर हा नामशेष झालेला सागरी सरीसृप आणि डॉल्फिन हा सस्तन. तिघांचे पूर्वज वेगवेगळे, तरी बाह्याकार जवळपास एकच. वेगळ्या वाटांनी येऊन एकाच घडणीवर पोचण्याला केंद्राभिसारी उत्क्रांती म्हणतात. अशा लक्षणांवरून प्राणी राहतो कुठे ते कळते, तो कोणाच्या वंशातला आहे ते कळत नाही.

शेपटी नीट पाहिली तर वारसा आणि नवी घडण एकाच अवयवात शेजारी शेजारी सापडतात. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. इक्थिओसॉरचीही तशीच, कारण सरड्या-पालींचा कणा चालताना बाजूला वळतो. देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. चित्ता भरधाव धावताना पाहा, त्याचा कणा वर-खाली वाकतो. सस्तन प्राण्यांच्या कण्याची ही जुनी सवय देवमाशाने समुद्रातही सोडली नाही. शेपटीचा पंखा मात्र नवा आहे. तो तंतुमय ऊतीचा असतो, त्याच्या दोन्ही पाखांत हाड नसते. पुढच्या पराचे याउलट आहे: आत दंड, मनगट आणि बोटे, सगळी हाडे आपल्या हातातल्याच क्रमाने लागलेली.

2023च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे एक पिल्लू वाळूत अडकले. गावकऱ्यांनी आणि सरकारी यंत्रणांनी बरीच खटपट केली, पण ते वाचले नाही. तरी पाण्याबाहेर ते इतका वेळ तग धरून राहिले ते फुप्फुसांमुळेच. कल्ल्यांनी श्वास घेणारा एवढा मोठा मासा तेवढा काळ जगला नसता.

दातांनी दाखवलेली वाट

सस्तन तर खरे, पण सस्तनांपैकी कोणाचा नातलग? हा प्रश्न शंभर-दीडशे वर्षे भिजत पडला. देवमाशाचे अंग इतके बदलले आहे की जमिनीवरच्या कोणत्याही प्राण्याशी ते ताडून पाहायला जागाच उरलेली नाही. काही धागेदोरे होते. जॉन हंटरने 1787 साली देवमाशाच्या जठरात एकापुढे एक कप्पे असल्याचे नोंदवले, जसे रवंथ करणाऱ्या प्राण्यांत असतात. विल्यम फ्लॉवरने 1883 साली खुरी प्राण्यांकडे बोट दाखवले. 1950 साली बॉयडन आणि गेमेरॉय यांनी रक्तद्रवातल्या प्रथिनांची तुलना केली, तेव्हा देवमासा समखुरी प्राण्यांच्या जवळ आला. या निष्कर्षाची त्या काळी फारशी कोणी दखल घेतली नाही.

दखल घेतली गेली ती दातांची. 1966 साली ली व्हॅन व्हेलन यांनी दाखवले की सर्वांत जुन्या देवमाशांचे त्रिकोणी, टोकदार दात मेसोनिकिडांच्या दातांशी चांगलेच जुळतात. मेसोनिकिड म्हणजे पायाला खूर आणि तोंडात मांस फाडणारे दात असलेले प्राणी. 1981 साली पाकिस्तानात सापडलेल्या पाकिसेटसची कवटी वर्णिली गेली. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा, लांडग्याएवढा हा प्राणी. त्याच्या कानाचे हाड देवमाशाचे आणि दात मेसोनिकिडांची आठवण करून देणारे. वाट पक्की झाल्यासारखी वाटली.

दातांवर भिस्त ठेवण्यात तत्त्वतः काही गैर नव्हते. दातांवरचे एनॅमल हा शरीरातला सर्वांत टणक पदार्थ, त्यामुळे जीवाश्मांत दात सर्वाधिक सापडतात. कित्येक नामशेष सस्तनांची माहिती आपल्याला केवळ दातांमुळे आहे. पण दात खाण्याप्रमाणे बदलतात. दोन वेगळ्या घराण्यांतले प्राणी मांस किंवा मासे खाऊ लागले तर दोघांचे दात एकाच घडणीकडे झुकू शकतात. ज्यूरीला पोहण्याच्या घडणीने फसवले होते, इथे खाण्याच्या घडणीने तोच फास टाकला, फक्त फसले ते जाणकार.

समान चुकांचा पुरावा

विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने 1950 साली वर्गीकरणाची जी शिस्त मांडली, ती इथे समजून घ्यायला हवी. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: दोन प्राण्यांत साम्य आहे एवढे पुरत नाही, ते साम्य कधीचे आहे हे पाहिले पाहिजे. डुक्कर आणि पाणघोडा यांचे उदाहरण घ्या. दोघांच्या पायाला चार बोटे, दोघेही रवंथ न करणारे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दोघांना एका गटात ठेवले गेले. पण चार बोटांचा पाय आणि रवंथाचा अभाव ही समखुरी प्राण्यांच्या मूळ पूर्वजापासूनची जुनी स्थिती आहे. ज्यांनी ती बदलली नाही ते सारे त्या बाबतीत सारखे राहिले. त्यावरून त्यांची आपसातली जवळीक सिद्ध होत नाही. नाते सिद्ध होते ते नंतर उपजलेल्या आणि मोजक्यांनीच वाटून घेतलेल्या नव्या लक्षणांनी.

हस्तलिखित पोथ्यांच्या अभ्यासकांना ही शिस्त नवी वाटणार नाही. दहा नकलांत एखादी ओळ बरोबर असेल तर त्यावरून काहीच कळत नाही, ती मूळ पोथीतूनच आली. पण तीनच नकलांत एकाच जागी एकच विचित्र चूक सापडली, तर त्या तिघी एकाच चुकलेल्या नकलेवरून उतरवल्या आहेत हे उघड होते.

जीनोममध्ये, म्हणजे प्राण्याच्या एकूण डीएनएमध्ये, अशा चुका असतात. साइन नावाचे डीएनएचे छोटे तुकडे स्वतःची नक्कल करून जीनोममध्ये कुठेतरी जाऊन बसतात. कुठे बसतील याला फारसा धरबंध नसतो, आणि एकदा बसले की तिथून नेमके पूर्ववत निघून जाणे जवळजवळ घडत नाही. दोन जातींत एकच तुकडा एकाच जागी बसलेला असेल, तर तो दोघींच्या समाईक पूर्वजात बसला, हाच सरळ अर्थ. तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने 1997 साली असे तुकडे देवमासे, पाणघोडा आणि रवंथ करणारे प्राणी यांच्यात समाईक असल्याचे दाखवले. उंट आणि डुक्कर यांच्यात ते त्या जागी नव्हते. 1999 साली याच गटाने फक्त देवमासे आणि पाणघोडा यांच्यातच असलेले तुकडे दाखवले. याआधी 1994पासून ग्राउर, हिगिन्स, गेट्सी आदींनी जनुकांच्या क्रमावरून हेच म्हटले होते, पण क्रमाची तुलना गणिती गृहीतकांवर बरीच अवलंबून असते. या तुकड्यांचा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो तो याचसाठी.

डीएनए कधी फसवत नाही असा समज मात्र करून घेऊ नये. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढणारी वटवाघळे आणि डॉल्फिन यांच्या प्रेस्टिन या श्रवणाशी संबंधित जनुकाचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्या प्रथिनावरूनच वंशवृक्ष काढला तर डॉल्फिन थेट वटवाघळांच्या फांदीवर जाऊन बसतो. उच्च वारंवारितेचे आवाज ऐकण्याच्या गरजेने दोन्हीकडे त्याच जागी तेच बदल निवडले गेले. दातांची गोष्ट रेणूंच्या पातळीवरही घडते.

जीवाश्मवाल्यांचा आक्षेपही हटवादाचा नव्हता. ते म्हणत, समखुरी गणाची ओळख घोट्याच्या एका हाडावर ठरते. देवमासा त्या गणातला असेल तर त्याच्या पाय असलेल्या पूर्वजात ते हाड दिसले पाहिजे. आजच्या देवमाशांना मागचे पायच नाहीत. 1990 साली इजिप्तमधल्या वादी अल-हितानच्या बॅसिलोसॉरस या जुन्या देवमाशाचे मागचे पाय वर्णिले गेले. सुमारे 15 मीटर लांबीच्या या प्राण्याचे पाय गुडघा, घोटा, बोटे यांसह शाबूत होते, पण इतके खुरटलेले की त्याच्या घोट्यावरून निर्णय होईना. त्याहून जुना, भक्कम पायांचा देवमासा हवा होता.

घोट्याचे हाड

बोकडाचा मागचा पाय सोलून पाहणाऱ्याच्या हातून हे हाड अनेकदा गेलेले असते. सुपारीहून मोठे, चौकोनी, हातात घेतले तर गुळगुळीत. जगभर याचे फासे करून खेळ खेळले गेले आहेत. शास्त्रीय नाव ॲस्ट्रॅगॅलस. माणसासकट बहुतेक सस्तनांत या हाडाच्या वरच्या टोकाला कप्पीसारखी खाच असते, तिच्यावर नडगीचे हाड फिरते. खालचे टोक गोलसर असते. समखुरी प्राण्यांत मात्र खालच्या टोकालाही दुसरी कप्पी असते. दोन कप्प्यांमुळे पाऊल पुढे-मागे मोकळे फिरते आणि आडवे मुरगळत नाही. धावणाऱ्या प्राण्याच्या हे पथ्यावर पडते. उंट, जिराफ, डुक्कर, सांबर, पाणघोडा, कोणाचेही घ्या, ही दुहेरी कप्पी सापडते. समखुरी गणाबाहेर ती सापडत नाही.

जीवाश्मांचे अभ्यासक फिलिप गिंगरिच यांची तुकडी 2000 साली बलुचिस्तानात काम करत होती. तिथे सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीच्या थरांत दोन आद्य देवमाशांचे सांगाडे मिळाले, कवटीसकट आणि घोट्यासकट. घोट्याच्या हाडाला दोन्ही टोकांना कप्पी होती. गिंगरिच स्वतः तोवर मेसोनिकिड घराण्याच्या बाजूचे होते. हाड पाहिल्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि तसे लिहिले. दोनपैकी एका प्राण्याचे नाव त्यांनी आर्टिओसेटस क्लॅव्हिस ठेवले, लॅटिनमध्ये क्लॅव्हिस म्हणजे किल्ली. त्यांचा निबंध 21 सप्टेंबर 2001च्या ‘सायन्स’मध्ये आला. त्याच्या आदल्या दिवशीच ‘नेचर’मध्ये हान्स थेविसन यांच्या गटाने पाकिसेटस आणि त्याच्या जवळच्या प्राण्यांचे सांगाडे वर्णिले होते. तिथेही तीच दुहेरी कप्पी.

या पुराव्याचे बळ कशात आहे, हा मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. बलुचिस्तानातले हे प्राणी समुद्रात पोहणारे होते. त्यांचे पाय धावायला उपयोगी राहिले नव्हते. धावण्यासाठी घडलेली कप्पी पाण्यात कोणत्याही गरजेने उपजू शकत नव्हती. निमुळत्या अंगाचे कारण पाणी देता येते, टोकदार दातांचे कारण मासे देता येते. या घोट्याचे कारण त्यांच्या त्या वेळच्या जगण्यात शोधून मिळत नाही, ते पूर्वजातच शोधावे लागते. म्हणूनच ते नात्याचा पुरावा ठरते. आणि ही साक्ष आली ती साइनच्या पुराव्याशी काही देणेघेणे नसलेल्या दगडांतून. दोन स्वतंत्र वाटा एका जागी मिळाल्या.

मागचे पाय गेले, पण त्यांची सोय पुरती पुसली गेली नाही. ठिपकेदार डॉल्फिनच्या गर्भात सुरुवातीला मागच्या पायांचे अंकुर फुटतात. सॉनिक हेजहॉग नावाच्या जनुकाचे काम त्या अंकुरात सुरू होत नाही, त्यामुळे ते वाढायचे थांबतात आणि विरून जातात. 2006 साली थेविसन यांच्याच गटाने हे दाखवले. क्वचित हा रोध ढिला पडतो. 1919 साली कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाजवळ मारलेल्या एका कुबड्या देवमाशाच्या अंगाबाहेर सव्वा मीटरहून लांब पाय आले होते. दातांचेही तसेच: तोंडातल्या कंगव्यासारख्या झालरीने अन्न गाळणाऱ्या देवमाशांच्या गर्भात दातांचे अंकुर येतात आणि जन्माआधी विरतात, आणि त्यांच्या जीनोममध्ये एनॅमल घडवणारी जनुके मोडक्या अवस्थेत पडून आहेत. कमरेच्या उरलेल्या हाडांना शाळेत आपण निरुपयोगी अवशेषांग म्हणून शिकवतो, ते मात्र सुधारायला हवे. प्रजननेंद्रियांचे स्नायू त्याच हाडांना जोडलेले असतात, आणि 2014च्या एका अभ्यासानुसार ज्या जातींत नरांची मादीसाठी चढाओढ जास्त, त्यांच्यात ही हाडे मोठी असतात. जुने काम गेले, दुसरे उरले.

कालाकोटचे दगड

देवमासे समखुरींत आले, पण समखुरींपैकी पाण्याकडे पहिल्यांदा वळले कोण? याचे उत्तर जम्मूच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटमधून आले. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून जीवाश्मांनी भरलेले दगड गोळा केले आणि 1971 साली इंडोहायस या छोट्या समखुरी प्राण्याला नाव दिले. त्यांच्या निधनानंतर बरेचसे दगड न फोडताच पडून होते. पुढे त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्या हवाली केले. दगडातून हाडे मोकळी करताना सहायकाच्या हातून एका कवटीचा कानाकडचा भाग चुकून तुटला. तुटलेल्या जागी कानाच्या हाडाची आतली कड जाडजूड दिसली. कानाच्या पोकळीची ही जाड कड तोवर फक्त देवमाशांत माहीत होती आणि त्यांची खूणच मानली जाई.

2007च्या डिसेंबरात थेविसन, सुनील बाजपेयी, बी. एन. तिवारी आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हे मांडले. इंडोहायस सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, बारीक पायांचा, घोट्याला दुहेरी कप्पी असलेला प्राणी. हाडांच्या भिंती मात्र जाड आणि आतून भरीव. पाण्यात तळाशी चालणाऱ्या प्राण्यांची हाडे अशी जड असतात, पाणघोड्याचीही. दातांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांनीही (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंच्या प्रमाणानेही) तो पाण्यात बराच वेळ काढत असल्याचे सांगितले. दातांची घडण मात्र मासेखाऊ नव्हती, तो वनस्पती खात असावा. म्हणजे पाण्यात शिरण्याचे कारण मासे पकडणे नव्हते, आधी पाण्यात जाणे-येणे सुरू झाले आणि मांसाहार मागून आला. दातांवरून पूर्वज शोधणाऱ्यांची वाट नेमकी कुठे चुकली तेही यातून स्पष्ट होते: देवमाशांचे टोकदार दात हे उशिरा आलेले लक्षण होते, वारसा नव्हताच.

यातले कितीतरी काम आपल्या उपखंडातल्या खडकांवर झाले आहे याचा मला मनापासून आनंद आहे. कच्छमध्ये अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी 1970च्या दशकातच आद्य देवमासे वर्णिले होते, आणि 2000 साली बाजपेयी व थेविसन यांनी तिथल्याच छोट्या, लांब तोंडाच्या देवमाशाला कच्छिसेटस हे नाव दिले. जीवाश्मांच्या या प्रदेशाची ओळख आपल्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व्हायलाच हवी.

नाव आणि पाणघोडा

आता नावाचा पेच. समखुरी गण म्हणजे आर्टिओडॅक्टिला आणि देवमाशांचा गण म्हणजे सिटेशिया असे दोन वेगळे गण ठेवता येत नाहीत. पाणघोडा गायीपेक्षा देवमाशाला जवळचा असेल, तर देवमाशाला वगळून उरलेल्या समखुरींचा गट हा एका पूर्वजाचे सगळे वंशज घेणारा गट राहत नाही, आणि हेनिगच्या शिस्तीत असा गट चालत नाही. 1997 साली दोन्ही नावे जोडून सिटार्टिओडॅक्टिला असे नाव सुचवले गेले. काही जण ते वापरतात, काही जण आर्टिओडॅक्टिला हेच नाव ठेवून त्याच्या पोटात देवमासे घालतात. मला दुसरा मार्ग पटतो, कारण गटात नवा सदस्य आला म्हणून दर वेळी गटाचे नाव बदलायचे कारण नाही. सिटेशिया हे नाव त्याच्या आतल्या गटाला लावता येतेच.

पाणघोडा आणि देवमासा दोघेही जवळपास केसविरहित, दोघांची पिल्ले पाण्याखाली दूध पिऊ शकतात, दोघांच्या त्वचेत तेलग्रंथी नाहीत. दोघांचा समाईक पूर्वजच अर्धा पाण्यात राहत होता आणि ही त्वचा त्याच्याकडून आली, असे बरेच दिवस मानले जाई. 2021 साली मार्क स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी दोघांच्या त्वचेची घडण आणि तिच्याशी निगडित निकामी झालेली जनुके ताडून पाहिली. जनुके दोन्हीकडे निकामी झाली आहेत, पण बिघाडाच्या जागा वेगळ्या आहेत. समाईक चूक सापडली नाही. त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा की पाण्यातली त्वचा दोन्ही घराण्यांत स्वतंत्रपणे घडली.

पाणघोड्याच्या बाजूचे जीवाश्म देवमाशाच्या मानाने फारच उशिराचे आहेत. 2015 साली केनियातून वर्णिलेला, सुमारे 2 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा एपिरिजेनिस हा पाणघोड्याला अँथ्रॅकोथेर या जुन्या समखुरी कुळाशी जोडतो. आद्य देवमासे त्याच्याही 2 कोटी वर्षांहून अधिक आधीचे. मधल्या काळातला पाणघोड्याच्या घराण्याचा प्राणी पाण्यात राहत होता की कोरड्यावर, हे त्याच्या हाडांच्या भिंतींवरून आणि दातांतल्या ऑक्सिजनवरून तपासता येईल, इंडोहायसचे तपासले तसेच.